काळ्या डब्यातली तडजोड

गाडी लिटरला किती देते, हा मोटारीबद्दलचा आपल्या घरांतला पहिला आणि बहुधा शेवटचा प्रश्न. पेट्रोलचा हिशेब शाळकरी पोरालाही पाठ असतो. पण गाडीला हवा किती लागते असं विचारलं, तर आपण टायरकडे बघतो आणि ‘तीस-तेहतीस’ असं उत्तर देऊन मोकळे होतो. वास्तविक इंजिन खातं थोडं आणि श्वास घेतं अफाट. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे त्याला हवा हवी अकरा किलो. आणि अकरा किलो हवा म्हणजे नऊ हजार लिटरांहून जास्त! पंपावर आपण एका लिटरचे पैसे मोजतो, उरलेले नऊ हजार लिटर गाडी फुकट घेते. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची चौकशी कोण करतो?

ही चौकशी करायची वेळ माझ्यावर आणली ती माझ्या पुतण्यानं. वय सत्तावीस, नोकरी हिंजवडीत, गाडी बाराशे सीसीची, पेट्रोलवरची, छोटी. थोरले बंधू गेल्यानंतर त्यानं ती घेतली. वहिनींच्या गुडघ्यांची दुखणी सुरू झाली होती आणि पावसाळ्यात रिक्षासाठी रस्त्याच्या कडेला उभं राहणं त्यांना जमेना. कर्जाला जामीनदार म्हणून सही माझी. जन्मभर बँकेत बसून लोकांना ‘जामीन राहताना दहा वेळा विचार करा’ असं सांगणाऱ्या माणसानं केलेली ती एकमेव जामीनकी. तेव्हा गाडीचे निम्मे हप्ते फिटायचे असताना चिरंजीव एका संध्याकाळी येऊन म्हणाले, “काका, गाडीला कोल्ड एअर इनटेक बसवतोय. आईला तुम्ही सांगा,” तेव्हा माझे कान टवकारले गेले हे सांगायला नकोच.

डब्यात काय असतं

कोल्ड एअर इनटेक म्हणजे इंजिनाला थंड हवा पाजणारी नळी. कारखान्यातून येणाऱ्या गाडीत बॉनेटखाली एक काळा प्लॅस्टिकचा डबा असतो. त्यात घड्या घातलेल्या कागदाची जाळी असते आणि तिच्यातून गाळून हवा आत जाते. हौशी मंडळी हा डबा काढून टाकतात. त्या जागी अॅल्युमिनियमची गुळगुळीत, रुंद नळी येते, तिच्या टोकाला शंकूच्या आकाराचा, तेल लावलेल्या सुती कापडाचा फिल्टर. हा फिल्टर इंजिनाच्या धगीपासून दूर, पुढच्या बंपरच्या आत खाली नेऊन ठेवायचा. तिथली हवा थंड, थंड हवा दाट, दाट हवेत प्राणवायू अधिक, म्हणून ताकद अधिक, असा हा सरळ हिशेब.

या छंदाचं माहेर अमेरिकेत, त्यातही दक्षिण कॅलिफोर्नियात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या पोरांनी जुन्या फोर्ड गाड्या खोलून त्या पळवायला सुरुवात केली. १९९० च्या दशकात त्यांच्या नातवंडांच्या हाती होंडा सिव्हिकसारख्या छोट्या जपानी गाड्या आल्या आणि अशा नळ्यांचा मोठा बाजार उभा राहिला. २००१ साली ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ हा चित्रपट आला आणि ते वेड जगभर गेलं. आमच्या पुतण्यापर्यंत ते पोचायला थोडी वर्षं लागली, एवढंच.

हिशेबात तथ्य आहे का? आहे. हवेचं तापमान तीन अंशांनी उतरलं की तिची घनता साधारण एक टक्क्यानं वाढते. बॉनेटखालची साठ अंशांची हवा ओढण्याऐवजी बाहेरची पस्तीस अंशांची ओढली, तर सात-आठ टक्के हवा जास्त मिळते. पण एक गोम आहे. गाडी बनवणाऱ्यांनाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. बहुतेक आधुनिक गाड्यांत त्या काळ्या डब्याचं तोंड पुढच्या जाळीमागे, बाहेरच्या हवेकडेच उघडलेलं असतं. म्हणजे नळीवाला जे विकतो, त्यातलं बरंचसं आपण गाडीबरोबर आधीच विकत घेतलेलं असतं.

शिवाय निसर्ग हे दान आपल्याला ऋतूप्रमाणे देतच असतो. एप्रिलच्या चाळीस अंशांच्या दुपारपेक्षा डिसेंबरच्या दहा-बारा अंशांच्या पहाटे पुण्याची हवा दहा टक्के दाट असते. आणि तो काढूनही घेतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच. मुंबईहून खंडाळ्याचा घाट चढून आलेल्या गाडीच्या वाट्याला येणाऱ्या हवेचा दाब सहा टक्क्यांनी घटलेला असतो. घाटानं घेतलेलं नळीनं परत मिळवायचं, असा हा मामला.

मग तो काळा डबा इतका वाकडातिकडा, पोटफुगा का असतो? कारण त्याला अनेकांची देणी भागवायची असतात. धूळ अडवायची, पाणी चुकवायचं, धग टाळायची, आवाज दाबायचा, शिवाय दोन-तीनशे रुपयांच्या जाळीवर हजारो किलोमीटर काढायचे. डब्याला जोडून जी पोकळ पेटी असते तिला रेझोनेटर म्हणतात. हवा आत ओढली जाताना होणारी घरघर ती गिळते. मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो. तिथे १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था आहे. देशातल्या नव्या गाड्यांचे नमुने जिथे तपासले जातात, त्यांपैकी ती एक. आपण कुंपणाबाहेरून चालत असतो आणि आत धूर, आवाज, ब्रेक यांची मोजणी चालू असते. तिथे पास होते ती गाडी त्या डब्यासकट पास होते.

धुळीचं महत्त्व मला मात्र टेकडीवर नव्हे, मराठवाड्यात कळलं. ऐंशीच्या दशकात ग्रामीण शाखेत असताना ट्रॅक्टरकर्जांची पाहणी करायला जावं लागे. एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरच्या डोक्यावरची काचेची वाटी काढून माझ्या पुढ्यात उपडी केली होती. ओंजळभर माती पडली. “साहेब, ही एका नांगरटीची. वाटी नसती तर ही सगळी याच्या पोटात गेली असती,” तो म्हणाला होता. बारीक मातीत वाळूचे कण असतात. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये ते घासकागदाचं काम करतात. फिल्टर जितका मोकळा, तितकी धूळ सुटून जाण्याचा संभव अधिक, हे गणित कोणालाही मोडता आलेलं नाही.

पाने आणि कागद

मी नाही म्हणालो नाही. फक्त एक अट घातली: काम माझ्यासमोर, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये व्हायचं, आणि गाडीची सगळी कागदपत्रं माझ्या हातात द्यायची. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी तो पाने मांडून बसला आणि मी खुर्ची टाकून फाइल उघडली.

त्याचं काम बघण्यासारखं होतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. मग दहाच्या पान्यानं डब्याचे बोल्ट, क्लिपा, हवेचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा प्लग, इंजिनातून येणारी वाफेची बारीक नळी, असं एकेक सुटत गेलं. प्रत्येक बोल्ट तो वहिनींच्या मसाल्याच्या डब्यातल्या वेगळ्या वाटीत टाकत होता आणि वाटीवर चिठ्ठी चिकटवत होता. मग पुढचा बंपर सैल करून आतली रेझोनेटरची पेटी बाहेर ओढली. नवी नळी आत सरकवताना ती दोनदा अडकली. रबराचा जोड, त्यावर पत्र्याची पट्टी, पट्टी आवळायची पण इतकी नाही की रबर कापलं जाईल. हात कोपरापर्यंत काळे. साडेतीन तास तो एका शब्दानं बोलला नाही, आणि दिवसभर कानाला यंत्र लावून जगाशी बोलणाऱ्या या मुलाच्या तोंडावर मी बऱ्याच महिन्यांनी समाधान पाहिलं.

मी विचारलं, “अरे, आहे ते नीट चाललंय ना? मग कशाला?”

“काका, संपादकानं छान म्हटलं तरी तुम्ही कादंबरीच्या प्रुफांवर फेरफार करताच ना? मी दिवसभर जे काम करतो ते हाताला लागत नाही. गाडी हाताला लागते.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बंधूंना सायकल खोलून जोडायचा नाद होता. पोराच्या हातात तो उतरला असेल, तर त्यावर टाच आणणारा मी कोण?

पण माझ्या हातातली फाइलही बोलत होती. नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेच्या नजरगहाणाची नोंद. कर्जाच्या करारात, बँकेच्या लेखी संमतीशिवाय वाहनात बदल करू नये, हे कलम. अशी कलमं मी हजारो कर्जदारांपुढे ठेवली आणि एकानंही ती वाचलेली पाहिली नाही. विम्याच्या पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींमध्ये ‘परिणामस्वरूप नुकसान’ आणि यांत्रिक बिघाड. आणि या सगळ्यांच्या वर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा अर्थ कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

“आर.सी.मध्ये एअर फिल्टरचा रकानाच नाही,” बंपरमागून आवाज आला.

“रकाना नाही, पण मंजूर झाला तो नमुना डब्यासकट झाला,” मी म्हणालो.

त्याची एक तक्रार मात्र मला पटली. कॅलिफोर्नियातही मनाला येईल ती नळी लावता येत नाही. तिथल्या वाहन कायद्याच्या कलम २७१५६ नुसार प्रदूषणयंत्रणेत ढवळाढवळ करणारा भाग बसवायला मनाई आहे. पण बनवणाऱ्यानं आपला भाग राज्याच्या हवा मंडळाकडून तपासून घेतला, तर त्याला एक आदेशक्रमांक मिळतो. त्याची चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवायची. धुराच्या तपासणीत निरीक्षक ती बघतो. चिठ्ठी नसेल तर गाडी नापास. कुलूप आहे आणि किल्लीही आहे. आपल्याकडे मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून नोंदणीत तशी नोंद करून घेता येते. हौशी पोरांसाठीही अशी तपासून मंजूर केलेली वाट असती, तर चोरून करण्याऐवजी त्यांनी ते उजेडात केलं असतं.

दुपारी गाडी सुरू झाली. आधीची ‘सुर्र’ जाऊन आता घशातून ‘घुर्र’ असा आवाज आला. पुतण्याचे डोळे चमकले. माझ्या लक्षात आलं, या नळीनं जे नि:संशय मिळतं ते हेच. रेझोनेटर काढला की इंजिनाचा श्वास ऐकू येतो, आणि कानाला जोर वाटला की पायालाही वाटतो.

पण मुलगा संगणकाचा आहे. नुसत्या वाटण्यावर थांबला नाही. गाडीच्या सॉकेटमध्ये छोटं यंत्र खुपसून आत जाणाऱ्या हवेचं तापमान तो फोनवर वाचत होता. डबा काढण्याआधीचे आकडे त्यानं टिपून ठेवले होते. चालत्या गाडीत जुन्या डब्यातली हवा बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशच गरम होती. नळीतली एक-दोन अंश. सिग्नलला उभं राहिल्यावर मात्र फरक मोठा, पण सिग्नलला उभ्या गाडीला ताकद हवी कशाला? त्यातून कर्वे रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिनाच्या तोंडाशी असलेली झडप बहुतेक मिटलेलीच असते. मोठ्या नळीचा उपयोग ती झडप पूर्ण उघडली तरच. मायलेजही वाढत नाही. आत हवा जितकी जास्त जाते, तितकं पेट्रोल इंजिनाचा संगणक जास्त सोडतो.

तरीही गाडी हलकी वाटत होती, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. उलगडा झाला तो जुन्या डब्यापाशी. मी सहज झाकण उघडलं. आतला कागद मातकट काळा, घड्यांमध्ये वाळकी पानं आणि एक मेलेला भुंगा. पंचवीस हजार किलोमीटर तो कोणी बदललाच नव्हता. पुढच्या रविवारी त्यानं हट्टानं डबा परत बसवला, पण नवा कोरा कागदी फिल्टर घालून. घुर्र गेली. हलकेपणा मात्र जवळजवळ तेवढाच राहिला. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ साली हेच मोजून दाखवलं होतं. इंधन-इंजेक्शनच्या गाडीत तुंबलेल्या फिल्टरनं मायलेज पडत नाही, पण वेग घेण्याची ताकद कमी होते. नळीच्या नावावर जमा झालेली बरीचशी रक्कम दोन-तीनशे रुपयांच्या कागदाची होती. तरी त्यानं नळी पुन्हा चढवली. आवाजाची भूल.

दोन चमचे पाणी

मग मे महिना आला आणि वळीव.

इथे थोडं गणित करू. बाराशे सीसी, चार सिलिंडर, म्हणजे प्रत्येकी तीनशे. पिस्टन वर आला की ती सगळी हवा अकराव्या हिश्शात दाबली जाते, म्हणजे डोक्यावर जागा उरते सुमारे तीस सीसी. दोन मोठे चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. चालत्या इंजिनात दोन चमच्यांहून जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये शिरलं, तर पिस्टन मध्येच अडतो आणि त्याला ढकलणारा पोलादी दांडा वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत पाण्यात सापडलेल्या कितीतरी गाड्यांची हीच गत झाली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं पुण्याला तेच दाखवलं. आणि विमा? इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान ‘परिणामस्वरूप’ धरलं जातं. त्यासाठी इंजिन-संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते, आणि गाडीत न कळवता बदल केलेला असला की तिथेही वाद उभा राहतो.

कारखान्यातल्या डब्याचं तोंड कमरेच्या उंचीवर असतं ते या दोन चमच्यांसाठी. पुतण्याच्या नळीचं तोंड जमिनीपासून वीतभरावर आलं होतं.

त्या गुरुवारी संध्याकाळी पाचला आभाळ फाटलं. सहाला वहिनींची व्यायामोपचाराची वेळ. शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले होते, एकही दिवस चुकवू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांच्या इमारतीच्या फाटकासमोर चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी. शेजारची तशीच छोटी गाडी हळूहळू पाणी कापत निघून गेली. पुतण्या कामावरून येऊन पाण्याच्या अलीकडे थांबला होता. त्यानं गाडी आत घातली नाही. ती वर चढावर लावली, गुडघाभर पाण्यातून चालत आला आणि आईला धरून कोपऱ्यावर घेऊन गेला. तिथे दोघं रिक्षाची वाट बघत पंचवीस मिनिटं उभी राहिली.

वहिनी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला फोनवर एवढंच म्हणाल्या, “भावजी, पूर्वी हा आला की मला गाडीच्या आवाजावरून कळायचं. आता कोणी दुसराच आला असं वाटतं.”

शनिवारी पाने पुन्हा निघाले. या वेळी मी जाईपर्यंत अर्धं काम झालं होतं. वाट्यांतले बोल्ट चिठ्ठ्यांप्रमाणे आपापल्या जागी गेले, रेझोनेटरची पेटी बंपरमागे बसली. आधी साडेतीन तास लागले होते, आता पाऊण तास. मी त्याला कलम ५२ ऐकवलं नाही. त्यानंच एक गोष्ट दाखवली. डब्याच्या तळाशी, कोपऱ्यात, बारीक भोक आहे. “आधी मला वाटलं तडा गेलाय. पण ते मुद्दाम ठेवलंय काका. पावसाचे थेंब आत आलेच तर इथून निथळून जायला. कोणीतरी विचार केलाय.”

एवढ्या खटाटोपातून त्याला जी गोष्ट मिळाली, ती माझ्या मते हीच. कुठल्यातरी अनोळखी इंजिनिअरनं धूळ, पाणी, धग, आवाज आणि किंमत या पाच सावकारांना एका टेबलाशी बसवून जी तडजोड केली, ती त्याला स्वतःच्या बोटांनी वाचता आली. डबा न उघडता त्याला मान देणं म्हणजे न वाचता केलेली सही. तशा सह्या मी खूप पाहिल्यात.

तुमच्या घरातही असा एखादा हात काळे करायला उत्सुक असेल. त्याला नाही म्हणण्याआधी चार गोष्टी करायला सांगा. पहिली, एअर फिल्टर उघडून बघ आणि आधी तो बदल. दुसरी, नव्या भागाचं तोंड जमिनीपासून किती उंचीवर येतं ते टेपनं मोज. तिसरी, आर.सी., पॉलिसी आणि कर्जाचा करार पूर्ण वाच. चौथी, काढलेला प्रत्येक बोल्ट जपून ठेव. आणि त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसायला वेळ काढा.

नळी त्यानं विकून टाकली नाही. मूळ खोक्यात घालून ती वहिनींच्या माळ्यावर, बंधूंच्या सायकलीच्या हत्यारांशेजारी ठेवली आहे. परवा तो येऊन विचारत होता, “काका, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं असेल हो?” मी म्हटलं, “सर्व्हिस बुक आण, बघू.”